रँग्लर म्हणजे वाद घालणारा

महाराष्ट्रात एखाद्याच्या नावाआधी ‘रँग्लर’ ही उपाधी लावण्याची प्रथा रूढ झाली ती मुख्यतः रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या जोडीने पहिले आले आणि कोकणातल्या मुर्डी गावच्या या मुलाचे नाव मराठी घराघरांत पोचले. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ काय, असे आपण सहसा विचारीत नाही. इंग्रजीत ‘रँगल’ म्हणजे हुज्जत घालणे. गणिते सोडविणाऱ्या शांत, अबोल विद्यार्थ्याला हुज्जत घालणारा का म्हणावे? या प्रश्नाच्या उत्तरात विद्यार्थ्याच्या बोलण्याला गुण कसे द्यावेत, या आजच्या कटकटीचा सगळा पूर्वेतिहास दडलेला आहे.

अठराव्या शतकातील केंब्रिजमध्ये पदवी मिळवायची तर विद्यार्थ्याला वादसभेत उभे राहावे लागे. आपल्याकडील शास्त्रार्थाची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. विद्यार्थ्याने काही प्रमेये मांडावयाची. त्यांत एखादे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’तले, एखादे नीतिशास्त्रातले. मग त्याने लॅटिनमध्ये आपला निबंध वाचावा आणि तीन विरोधकांनी एकामागून एक उठून, तर्कशास्त्राच्या साच्यात बसविलेले आक्षेप घ्यावेत. या आक्षेपांना विद्यार्थ्याने तिथल्या तिथे, लॅटिनमध्येच उत्तर द्यावयाचे. वर मॉडरेटर बसलेला असे. आपल्या वादपरंपरेत ज्याला ‘मध्यस्थ’ म्हणतात तोच हा. तास-दोन तास हा सामना चाले. शेवटी मॉडरेटर विद्यार्थ्याला म्हणे, ‘फार उत्तम वाद केलास.’ या शाबासकीतला ‘ऑप्टिमे’ हा लॅटिन शब्द पुढे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांच्या नावांत जाऊन बसला, आणि पहिल्या वर्गातले ते रँग्लर. ‘ट्रायपॉस’ हा शब्द तर मुळात परीक्षेचाही नव्हे. समारंभात वाद घालणारा एक पदवीधर ज्या तिपाईवर बसे त्या तिपाईचा तो आहे!

या पद्धतीत काय तपासले जाई, हे एका प्रसंगावरून चांगले समजते. विल्यम पॅले हा पुढे धर्मशास्त्रावरील ग्रंथांमुळे प्रसिद्धीस आला. पण विद्यार्थी असताना त्याने वादासाठी जे प्रमेय निवडले ते असे, की नरकातील शिक्षा शाश्वत मानणे ईश्वराच्या गुणांशी विसंगत आहे. त्याच्या कॉलेजचा प्रमुख घाबरला. हे प्रमेय मांडू नकोस म्हणाला. पॅले मॉडरेटर रिचर्ड वॉटसनकडे धावला. वॉटसनने सोपी तोड सुचविली: वाक्यात एक ‘नाही’ घाल. पॅलेने घातला, आणि कालपर्यंत जे खोडावयाचे तेच आता समर्थपणे मांडावयास उभा राहिला. आजच्या वाचकाला हा दांभिकपणा वाटेल. आम्हांला तसा वाटत नाही. विद्यार्थी कोणत्या बाजूचा आहे हे परीक्षकाला पाहावयाचेच नव्हते. आक्षेप आल्यावर तो कसा उभा राहतो, एवढेच पाहावयाचे होते.

परंतु याच पॅलेच्या वर्षी या पद्धतीचे मर्मस्थान उघडे पडले. १७६३ साली पहिला कोण, पॅले की फ्रीअर, हा प्रश्न आला. दोघांची प्रमेये निराळी, विरोधक निराळे. एकाला तिखट विरोधक मिळाला असेल, दुसऱ्याला मवाळ. मग कोणाचा वाद सरस, हे कोणत्या मापाने ठरवावे? निर्णय असा झाला, की या दोघांचा क्रम वादावरून न लावता सेनेट हाउसमधील परीक्षेवरून लावावा. पॅले पहिला आला. वरवर पाहता हा दोन विद्यार्थ्यांपुरता निकाल. पण तोंडी परीक्षेचे सिंहासन येथून डळमळू लागले असे आम्ही मानतो.

सेनेट हाउसमधली परीक्षाही आरंभी तोंडीच होती. पुढे परीक्षक प्रश्न वाचून दाखवू लागले आणि विद्यार्थी उत्तरे लिहू लागले. त्यानंतर छापील प्रश्नपत्रिका आल्या. वादसभा उरल्या, पण त्यांतला जीव गेला. लॅटिन मोडकेतोडके झाले आणि आक्षेप व उत्तरे मित्रामित्रांत आधीच ठरू लागली. ज्यांच्या सभा भरावयाच्या राहून गेल्या त्यांच्यासाठी चार ठरावीक वाक्ये म्हणून घाईघाईने विधी उरकण्याची सोयही झाली. १८३९ च्या सुमारास हा प्रकार बंद पडला. म्हणजे आपले परांजपे जेव्हा रँग्लर झाले तेव्हा त्यांना वादसभेत एकाही विरोधकाला तोंड द्यावे लागले नव्हते. शब्द उरला होता, वाद गेला होता. ऑक्सफर्ड मात्र तोंडी परीक्षेला चिकटून राहिले. १८०८ साली भावी पंतप्रधान रॉबर्ट पील याने तेथे दोन विषयांत पहिला वर्ग मिळविला तो भरगच्च श्रोत्यांसमोर प्रश्नांना उत्तरे देऊन.

अटलांटिकपलीकडे बॉस्टन शहरात १८४५ साली हेच घडले, फक्त अधिक धडाक्याने. तोवर शाळासमितीचे सभासद वर्गात येत, मुलांना चार प्रश्न तोंडी विचारीत आणि समाधान व्यक्त करून निघून जात. त्या वर्षी समितीने छापील प्रश्न काढून पाचशेहून अधिक मुलांना एकाच वेळी लिहावयास दिले. निकाल इतका लाजिरवाणा लागला, की शिक्षक आणि सुधारक यांच्यात जुंपली. होरेस मॅनने लेखी परीक्षेची बाजू घेतली. त्याचा मुख्य मुद्दा न्यायाचा होता: सर्वांना तोच प्रश्न, तोच वेळ, आणि मध्ये बोलून मुलाला सावरून घेणारा शिक्षक नाही. या मुद्द्याला आजही उत्तर नाही.

आपल्याकडे पेशवाईत पुण्याला श्रावणातल्या दक्षिणेच्या वेळी शास्त्रीपंडितांची परीक्षा होई आणि विद्येप्रमाणे दक्षिणा ठरे. ती ब्राह्मणांपुरतीच होती, हेही सांगितले पाहिजे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण लेखी उत्तरपत्रिकेलाच विद्या समजू लागलो. रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालविणाऱ्या सभेचे नाव वक्तृत्वोत्तेजक. वर्गात ज्याची किंमत उरली नव्हती त्याला उत्तेजन द्यावयास स्वतंत्र सभा लागली, हे आम्हांला सूचक वाटते.

मग बोलणे शाळेत परत आले ते वीस गुणांच्या रूपाने. दहावीच्या भाषाविषयांत तोंडी परीक्षेचे वीस गुण शाळेच्या हाती होते. ते खिरापतीसारखे वाटले जातात, अशी ओरड झाली आणि २०१९ च्या परीक्षेला ते काढून घेण्यात आले. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. लगेच उलट ओरड झाली आणि गुण परत देण्यात आले. या दोन्ही गलक्यांत, मुलगा बोलतो कसा, हे कोणी ऐकले काय, असे विचारणारा आवाज आमच्या कानी फारसा आला नाही.

हे लिहिताना आम्ही स्वतःला निराळे काढीत नाही. वक्तृत्वस्पर्धांत परीक्षक म्हणून आम्ही पुष्कळ वेळा बसलो आहोत. एका तालुक्याच्या गावी आम्हां तिघांपुढे गुणांचा कागद होता: विषयाची मांडणी, उच्चार, आविर्भाव, वेळेचे भान. एका मुलाने घोटून घेतलेले भाषण असे म्हटले, की सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. त्याच्या आधी, अगदी पहिल्या क्रमांकावर, एक मुलगी बोलून गेली होती; अडखळत, कागदाकडे पाहत. पहिल्या वक्त्याला आम्ही नेहमीच हात राखून गुण देतो, पुढे काय येणार ठाऊक नसते म्हणून. तिलाही तसेच दिले. बेरीज झाल्यावर आमच्यातले एक वयस्क शिक्षक म्हणाले, “दोघांना एकेक प्रश्न विचारू या का?” संयोजकांनी घड्याळ दाखविले, पण अखेर परवानगी दिली. मुलाला विचारले तेव्हा त्याने भाषणातलाच एक परिच्छेद पुन्हा म्हटला. मुलगी थोडी थांबली, म्हणाली, “सर, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण मी ते बोलले नव्हते,” आणि आमच्या प्रश्नातली चूक तिने आम्हांला दाखवून दिली. गुणांच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. आम्ही तो पेनाने आखला, आणि तिघांनी मिळून बेरीज पुन्हा केली.