राखमिश्रित काँक्रीट व रासायनिक मिश्रके

राखमिश्रित काँक्रीट म्हणजे ज्यातील सिमेंटचा काही भाग औष्णिक वीजकेंद्रातील उडत्या राखेने, म्हणजे फ्लाय अ‍ॅशने, भरून काढलेला असतो असे काँक्रीट. या काँक्रीटचा प्रवाहीपणा, घट्ट होण्याचा वेळ व ताकद यांवर नियंत्रण ठेवण्यासाठी अल्प प्रमाणात जी द्रव्ये घालतात, त्यांना रासायनिक मिश्रके म्हणतात. बांधकामावर त्यांचे नाव अ‍ॅडमिक्श्चर किंवा नुसते ‘केमिकल’ असे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र नाही. तरीही येथील अनेक घरांच्या स्लॅबमध्ये राख असतेच. बाजारात मिळणाऱ्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये आय. एस. १४८९ या भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख मिसळलेली असते. घर बांधणाऱ्याला बहुधा याची कल्पना नसते.

राखेचे कार्य

सिमेंट व पाणी यांच्या अभिक्रियेत बांधून ठेवणाऱ्या पदार्थाबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे मोकळा चुना, तयार होतो. तो ताकदीत फारशी भर घालत नाही. राखेतील काचरूप सिलिका या चुन्याशी संयोग पावून आणखी बंधक पदार्थ निर्माण करते. जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुन्याच्या घाणीत विटांची सुरखी मिसळत, त्यामागील रसायन हेच होय. मात्र ही क्रिया सावकाश चालते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात राखमिश्रित काँक्रीट साध्या काँक्रीटपेक्षा अशक्त असते. पुढे काही महिन्यांत ते त्याची बरोबरी करते व अनेकदा त्याच्या पुढे जाते. उष्णता कमी निर्माण होते, छिद्रे बारीक होतात आणि सळ्यांपर्यंत पाणी व क्षार पोहोचणे अवघड होते.

सुपरप्लास्टिसायझर

सुरुवातीच्या अशक्तपणावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पाणी कमी करणे. सिमेंटचे कण पाण्यात गुठळ्या करून राहतात व त्या गुठळ्यांत पाणी अडकते. नॅप्थलीनवर आधारित मिश्रके कणांवर समान विद्युतभार आणून त्यांना विलग करतात. पॉलिकार्बॉक्सिलेट जातीच्या मिश्रकांच्या लांब शाखाही कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. राखेचे कण गोलाकार असल्याने त्यांचीही मदत होते. अशा रीतीने १५ ते ३० टक्के पाणी वाचवता येते. मिश्रक घालूनही कामगाराने सवयीने पाण्याची आणखी एक बादली ओतली, तर खर्च वाया जातो व ताकदही घटते. आय. एस. ४५६ : २००० या मानकानुसार, विशेष संमती नसल्यास, सुपरप्लास्टिसायझरचे प्रमाण बंधक द्रव्याच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे.

राखेत न जळलेला कार्बन अधिक असल्यास तो मिश्रक शोषून घेतो. हवेचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण करणाऱ्या मिश्रकांना याचा सर्वाधिक फटका बसतो; पण ती मुख्यतः हिम पडणाऱ्या प्रदेशांत लागतात. राखेची खेप बदलली की मिश्रकाची मात्रा पुन्हा तपासावी लागते, ती यामुळेच.

मंदके आणि साखर

मंदके काँक्रीट घट्ट होण्यास विलंब लावतात. उन्हाळ्यात किंवा लांबून मिक्सर आणताना त्यांचा उपयोग होतो. राख मुळातच मंद असल्याने थंडीत मंदकाची मात्रा जराशी वाढली तरी काँक्रीट दुसऱ्या दिवशीही ओले राहू शकते. मानकात मंदकाची मर्यादा ०.५ टक्के आहे.

साखर हे अतिशय प्रबळ मंदक आहे. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ०.०५ टक्के साखर काही तासांचा विलंब करते, ०.२ टक्के व त्याहून अधिक झाल्यास घट्ट होण्याची क्रिया जवळजवळ थांबू शकते. काँक्रीटच्या पाण्यात हानिकारक प्रमाणात साखर नसावी, असे आय. एस. ४५६ मध्ये म्हटले आहे. गुऱ्हाळे व साखर कारखाने यांच्या या जिल्ह्यात ही केवळ पुस्तकी सूचना नव्हे. काकवीचे किंवा मळीचे पिंप धुऊन पाण्यासाठी वापरल्यास ५० किलोच्या पोत्यामागे १०० ग्रॅम साखर सहज येऊ शकते.

गती वाढवणाऱ्या मिश्रकांपैकी कॅल्शियम क्लोराइड सळ्या गंजवते. म्हणून सळईच्या कामात ते टाळतात.

महाराष्ट्रातील उपयोग

अकोले तालुक्यातील घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची असून, या पद्धतीची ती भारतातील पहिली मानली जातात. त्यांच्या बंधक द्रव्यात राखेचा वाटा सिमेंटहून अधिक आहे. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ मध्ये कार्यान्वित झाला. अशा कामात काँक्रीट थरांनी पसरतात. वरचा थर येईपर्यंत खालचा ताजा राहिला तरच दोहोंचा सांधा एकजीव होतो, आणि त्यासाठी मंदक वापरतात.

क्युअरिंग

कोणतेही मिश्रक पाणी मारण्याला पर्याय ठरत नाही. साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर राखमिश्रित सिमेंटसाठी किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवावे, असे आय. एस. ४५६ सांगते, कोरड्या व उष्ण हवेत हीच मुदत अनुक्रमे १० व १४ दिवसांची होते. सेंटरिंग काढण्याचे नेहमीचे दिवसही साध्या सिमेंटसाठी ठरवलेले आहेत. राखमिश्रित सिमेंटसाठी ते वाढवावे लागतात.