तंबाखू गेल्यावर बघू

वेदगंगा आणि दूधगंगा या दोन नद्यांच्या आमच्या मुलखात लग्न, विहीर, घराचं माळवद, कुणाचं दुखणं, सगळ्याला एकच उत्तर असायचं, "तंबाखू गेल्यावर बघू." गेल्यावर म्हणजे विकल्यावर. माल निपाणीच्या वखारीत गेला, की पैसा हातात यायचा. कधी पुरा, कधी निम्मा, कधी पुढच्या पावसाळ्यात.

तंबाखू मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडं आला आणि दख्खनेत लवकर रुजला. अकबराच्या दरबारातल्या असद बेगानं १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू नेऊन बादशहापुढं ठेवला, ही हकीकत त्यानंच लिहून ठेवली आहे. तेव्हा तो बादशहाच्या नवलाईचा होता. पुढं विडी आली आणि तोच तंबाखू गरिबाचा झाला. निपाणी भागातल्या काळ्या रानात विडीला लागणारा तंबाखू चांगला यायचा, म्हणून इथं वखारी उभ्या राहिल्या.

हे पीक म्हणजे वर्षभराची चाकरी. बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे. ते नुसतं हातानं फेकलं तर एकाच जागी पडायचं, म्हणून आज्जी राखेत नाहीतर बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर टाकायची. पावसाचा जोर ओसरला की रोपं उपटून रानात लावायची. उभी-आडवी कोळपणी करायची, कारण या पिकाला तण खपत नाही. त्यातही बंबाखू आला तर वैरी घरात शिरल्यासारखं व्हायचं. हे तण तंबाखूच्या मुळावरच जगतं. फुलायच्या आत ते उपटून रानाबाहेर जाळलं नाही, तर पुढची कैक वर्षं बी रानात राहतं.

कळी दिसली की शेंडा खुडायचा. शेंडा ठेवला तर झाडाचा जोर फुलात आणि बियांत जातो, पान पातळ राहतं. शेंडा गेला की पान जाड होतं, त्याचा कडकपणा वाढतो. पण झाड काही गप्प बसत नाही, पानाच्या बगलेतून फुटवे काढतं. ते आठ-दहा दिवसांनी पुन्हा खुडायचे. हे काम बायकांचं. पानाचा चिकटा हाताला बसायचा, बोटं काळी पडायची, साबणानं निघायची नाहीत. आई त्या हातानं भाकरी थापायला घ्यायची, तेव्हा आधी आंबट ताकानं हात चोळायची. सकाळच्या ओल्या पाल्यात काम केलं, की नवीन आलेल्या पोरींना घेरी यायची, उलट्या व्हायच्या. "तंबाखू चढला गं," म्हणून त्यांना बांधावर सावलीला बसवायचे. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. बायकांना ते नाव ठाऊक नव्हतं, दुखणं ठाऊक होतं.

पान पिवळट होऊन त्यावर तांबूस ठिपके आले, की आज्जा रानात फेरी मारायचा. पान दुमडून बघायचा. कटकन मोडलं की म्हणायचा, "आता घ्या इळा." झाडं बुडातून कापून रानातच उन्हात वाळत टाकायची. वाळलेला पाला दिवसा हात लावला तर भुगा होतो. म्हणून पहाटे, दहिवर पडून पाला मऊ झाला, की सगळं घर कंदील घेऊन रानात. ऊन वर यायच्या आत गोळा करून ढीग रचायचा. ढिगाच्या आत ऊब धरते, त्या उबेत पाल्याला रंग आणि वास चढतो. पण ऊब जास्त झाली तर माल करपतो. आज्जा ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसायचा. "आत जाळ हाय, उलथा," म्हणाला की रात्री दोनला का असेना, ढीग उलथायचा.

एवढी पारख असलेल्या माणसाला आपल्या मालाचं मोल सांगायची मात्र सोय नव्हती.

पहिली आडकाठी सरकारची. १९४३ साली इंग्रजांनी तंबाखूवर अबकारी कर बसवला. किती लावला, किती निघाला, कुठं ठेवला, कुणाला दिला, सगळ्याची नोंद द्यावी लागायची. माल हलवायचा तर परवाना. कराची रक्कम बहुतेक वेळा व्यापारी भरायचा, पण झडती शेतकऱ्याची. पाला वाळला की वजन घटतं, हे रानातल्या पोराला कळतं. कागदाला कळत नाही. मी सातवीत असताना एक साहेब आमच्या पडवीत बसून आज्जाला विचारत होता, "अंदाजापेक्षा माल कमी कसा?" आज्जा हात जोडून म्हणाला, "सायेब, वाळलाय त्यो." ऐंशीच्या घरातला माणूस, आपल्याच घरात चोरासारखा उभा होता. कच्च्या तंबाखूवरचा हा कर १९७९ मध्ये उठला. आज्जा तोवर गेला होता.

दुसरी आडकाठी वखारीची. व्यापाऱ्याचा माणूस यायचा, चिमूटभर पाला चुरून हुंगायचा आणि भाव बोलायचा. माल बोदांत भरून गेला, की मग वजनात घट, सूट, हमाली, असं कापत जायचं. उरलेल्याचे हप्ते. आबा पैसे मागायला गेले की दोन-दोन तास वखारीच्या पायरीवर बसायचे. आणि आत गेल्यावर, "शेटजी, पोरीचं लगीन हाय," असं सांगून आपलेच पैसे मागायचे.

चाकणचा कांदा आणि नाशिकचा ऊस यांची आंदोलनं १९८० मध्ये झाली, त्याच्या पुढच्या वर्षी शेतकरी संघटना निपाणीत आली. १४ मार्च १९८१ ला पुणे-बेंगळूर हमरस्त्यावर शेतकरी बसले. शरद जोशी सांगत होते ते सोपं होतं: पिकवायला जेवढा खर्च येतो, त्यावर भाव ठरला पाहिजे. गावोगावच्या बैलगाड्या आल्या, रस्त्यावरच चुली पेटल्या. आबांबरोबर मीही तिथं चार रात्री काढल्या. ६ एप्रिलला पोलिसांनी रस्ता मोकळा केला, गोळीबार झाला, शेतकरी मेले. आम्ही त्या दिवशी गावात होतो. संध्याकाळी एक जण सायकलीवरून सांगत आला, त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी चूल पेटवली नाही.

पुढच्या हंगामापासून आबांनी एक वही घातली. खत किती, बैलांची पाळी किती, मजुरी किती. लिहिता लिहिता ते थांबले आणि आईला म्हणाले, "तुझं खुडणीचं दिस किती झालं गं?" आई हसली. "माझं कशाला लिवता?" तरी त्यांनी लिहिलं. आईचे, काकूचे, आज्जीचे दिवस मांडले, तेव्हा विकून आलेला पैसा खर्चालाही पुरत नव्हता. इतकी वर्षं तंबाखू परवडत होता, तो घरातल्या बायकांची मजुरी कुणी मोजत नव्हतं म्हणून.

हाच हिशेब वखारीत पाला झोडपणाऱ्या, चाळणाऱ्या बायकाही मागत होत्या. नाकातोंडात जर्दा, खोकला आणि दिवसाचे मोजके पैसे. त्यांनी निपाणीत संघटना बांधली, लढा दिला. युगांतर या स्त्रियांच्या गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. शेतकऱ्याला भाव हवा आणि बाईला मजुरी हवी, या दोन मागण्या एकाच गावात राहत होत्या, पण एका मांडवात क्वचित बसल्या. आमच्या रानातल्या खुडणीच्या बायकांची मजुरी वाढवायची वेळ आली, तेव्हा गावातले शेतकरी वखारवाल्यासारखेच बोलले, हेही मी ऐकलं आहे.

नंतर धरणाचं पाणी आलं, ऊस आला. आमच्या रानात आता तंबाखू नाही. त्याची हळहळ मी करत नाही. विडी ओढून छातीनं गेलेली आणि मिसरी लावून तोंडानं गेलेली माणसं माझ्याच भावकीत आहेत. उसाला निदान सरकार किमान दर जाहीर करतं, त्यावर भांडायला जागा असते. तरी यंदा उसाचा हिशेब मांडताना मुलानं खत, पाणी, तोडणी, वाहतूक सगळं लिहिलं. खाली रेघ ओढायच्या आत मी त्याला सुनेचे दिवस घालायला सांगितलं. तो म्हणाला, "ती घरचीच की, अण्णा." मी आबांची वही काढून त्याच्यापुढं ठेवली.