दोन चिमणाबाई आणि आमची आजी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या समा भागात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरची आजीची ट्रंक भिजली. चार दिवसांनी उघडली. साड्यांचं काही वाटलं नाही, पण तळाशी तिच्या भावानं पाठवलेली मोडीतली पत्रं होती. कुणाकडून तरी वाचून घेऊ, वाचून घेऊ म्हणत मी वीस वर्षं काढली होती. शाई पसरून सगळा निळा लगदा झाला होता.

आता मुद्द्याचं. आजीचं माहेरचं नाव त्या पत्रांत नक्की असणार. भाऊ काही तिला सासरच्या नावानं हाक मारणार नव्हता. आत्याला फोन केला. तिचं वय ८९. म्हणाली, "अरे, आईला सगळे वहिनीच म्हणायचे. माहेरचं नाव ती सांगायची रे, मीच लक्ष दिलं नाही."

गंमत बघा, हीच आजी दांडिया बाजारच्या घरात आम्हाला राजवाड्यातल्या बायकांच्या गोष्टी सांगायची. तिला त्या तिच्या सासूनं सांगितलेल्या. रावपुऱ्यातला टॉवर बडोदेकरांना ठाऊक आहेच. १८९६ सालचा चिमणाबाई टॉवर. ही चिमणाबाई म्हणजे सयाजीराव महाराजांची पहिली राणी, तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई. तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी बडोद्यात आल्या. १८८५ मध्ये ती गेली. त्याच वर्षी महाराजांचं दुसरं लग्न देवासच्या घाटग्यांच्या गजराबाईंशी झालं, आणि त्यांचंही नाव ठेवलं चिमणाबाई! १९११ मध्ये हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिणाऱ्या, १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झालेल्या त्या ह्या दुसऱ्या. पुष्कळ लोक अजूनही दोघींना एकच समजतात. मीही नोकरीला लागेपर्यंत समजत होतो.

आजीची आवडती गोष्ट मात्र दुसऱ्या चिमणाबाईंच्या मुलीची, इंदिराराजेंची. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी लग्न ठरलेलं. १९११ च्या दिल्ली दरबारात कूचबिहारचे राजकुमार जितेंद्र भेटले आणि बाईंनी ग्वाल्हेरला स्वतःच पत्र लिहून लग्न मोडलं! १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, आईवडील हजर नव्हते. आजी हे सांगताना आवाज खाली आणायची, जणू वाड्यावर अजून कुणी ऐकतंय. पुढे इंदिराराजेंच्या मुलीनं, जयपूरच्या गायत्रीदेवींनी, १९७६ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात ते लिहिलं. पुस्तकाची सुरुवातच बडोद्याला आजोळी येण्याच्या प्रवासानं आहे. मी ते वाचलं तेव्हा बरीचशी हकिगत आजीनं सांगितली होती तशीच निघाली. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली बातमी पक्की होती.

राजघराण्यातल्या बायकांची माहेरची नावं निदान पुस्तकांतून सापडतात. आमच्या घरातल्या बायकांनी दुसऱ्यांच्या गोष्टी चार पिढ्या जपल्या, स्वतःचं नाव मात्र कुणाच्या हाती दिलं नाही. खरं तर आम्हीच मागितलं नाही. बँकेत मी काउंटरवर रोज बघायचो. सर्टिफिकेटवर एक नाव, पासबुकावर दुसरं, आणि बाई ॲफिडेव्हिट घेऊन रांगेत. "मॅडम, एकच व्यक्ती असल्याचा पुरावा आणा," असं मीही शेकडो वेळा म्हटलंय. घरी येऊन आजीला विचारावं, हे सुचलं नाही.

आता एक दोनशे पानी वही आणली आहे. आत्या दर रविवारी फोनवर सांगते, मी लिहून घेतो. आमच्या वंशावळीत पुरुषांच्या सात पिढ्या आहेत, बायकांच्या रकान्यात नुसत्या रेघा. त्यातल्या सहा भरल्या. आजीची रेघ तशीच आहे.

परवा वही मोठ्या ऐटीत बायकोला दाखवली. तिनं पानं उलटली, चष्मा काढला आणि विचारलं, "माझ्या आईचं माहेरचं नाव सांगा बरं."

मला येत नव्हतं. लग्नाला ४७ वर्षं झाली आमच्या.