पिशवीच्या ऑपरेशननंतर मांडी बधिर, पोटाखाली आग? हा वहम नाही, नसेचं दुखणं आहे

कर्जत/खालापूर : गर्भपिशवी काढून सहा महिने झाले, टाके सुकले, सोनोग्राफी नॉर्मल आली. तरी टाक्याच्या आजूबाजूला हात फिरवला तर कातडी आपली वाटत नाही, मांडीला मुंग्या येतात, रात्री मध्येच करंट लागल्यासारखी चमक येते. अशी तक्रार आपल्याकडे बायका एकमेकींना सांगतात, डॉक्टरला सांगत नाहीत. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं, "मनाचं आहे, कामाला लागलीस की जाईल."

माझ्या वहिनीला आम्हीही हेच म्हणालो होतो. लावणीला वाकली की तिच्या जांघेत कळ यायची आणि ती बांधावर जाऊन बसायची. आम्हाला वाटायचं, टाळाटाळ करते. मग एका रात्री शेक घेताना गरम पाण्याच्या पिशवीने मांडी भाजली. एवढा मोठा फोड आला आणि तिला कळलं सकाळी. तेव्हा आमचे डोळे उघडले.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा विषय २०१९ मध्ये गाजला होता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनांवर केंद्राने केलेले नियम तीन महिन्यांत लागू करा. ऑपरेशन गरजेचं होतं का, यावर भरपूर बोललं गेलं, ते बरोबरच आहे. पण ऑपरेशन झालेल्या बाईला पुढे वर्षभर जे दुखतं, त्याची चर्चा फार कमी झाली.

नस दुखावते कशी?

इथे नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे. कातडीची जाणीव मेंदूकडे नेणारी आणि स्नायू हलवणारी जी बारीक दोरी असते, मज्जातंतू म्हणतात तो. पोटाखाली आडवा छेद घेतात त्याच्या दोन्ही टोकांजवळून अशा नसा जातात. त्या छेदात कापल्या जातात, टाक्यात ओढल्या जातात किंवा जखम भरताना आत अडकतात. मग टाक्याभोवती बधिरपणा येतो आणि जांघेपर्यंत आग होते.

दुसरं कारण दाब. पोट उघडं ठेवायला आत लोखंडी पट्ट्या लावतात. त्यांचा दाब मांडीच्या नसेवर पडला तर मांडीची पुढची बाजू बधिर होते, जिना चढताना गुडघा एकदम लचकतो. खालच्या वाटेने ऑपरेशन करताना पाय वर बांधून ठेवतात. तिथे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दाब बसला तर पाऊल वर उचलत नाही, चप्पल घासत जाते. कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनात गाठी काढताना मांडीच्या आतल्या बाजूची नस दुखावू शकते. आपल्याकडे सगळा दोष कमरेतल्या सुईवर टाकतात, पण अशा दुखण्यात बहुतेक वेळा सुईचा संबंध नसतो.

नस फक्त दबली असेल तर काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत सुधारते, आणि बहुतेकींचं असंच असतं. तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. त्यामुळे वर्ष लागलं तरी नवल नाही. टाक्याजवळचा थोडा बधिर तुकडा काही जणींना कायमचा राहतो, पण त्याने काम अडत नाही. तीन महिने उलटले आणि आग, चमका थांबत नाहीत, तर मात्र मुद्दाम दाखवायला जावं.

गोळ्या आणि घरचे उपाय

अंगदुखीच्या साध्या गोळ्या नसेच्या आगीवर फारशा चालत नाहीत. महिनोन्‌महिने त्या खाल्ल्या तर पोट आणि किडनी बिघडते. दर आठवड्याला गावात जाऊन दुखण्याचं इंजेक्शन घेणं याच प्रकारातलं. नसेच्या दुखण्यावर डॉक्टर गाबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन अशा गोळ्या देतात. मोबाईलवर शोधलं की या गोळ्या फिट्सच्या किंवा डिप्रेशनच्या म्हणून दिसतात. घाबरू नका, त्या नसेसाठीही वापरतात. सुरुवातीला झोप आणि चक्कर येते, म्हणून बहुधा रात्री देतात. रात्री उठताना भिंतीला धरून उठा. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका. एकाच जागी नेमकं दुखत असेल तर तिथे बधिर करायचं इंजेक्शन देतात. काही जणींना त्याने चांगला आराम पडतो.

शुगर आणि बी-१२ तपासून घ्या. ऑपरेशनने दुखावलेली नस या दोन कारणांनी आणखी रखडते.

साडीची गाठ किंवा परकराची नाडी टाक्यावर घासली की आग होत असेल, तर नाडी वर बांधा किंवा सैल गाऊन घाला. त्या जागेला पुन्हा स्पर्शाची सवय लावायची असते. आधी मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग थोडं खरखरीत कापड, रोज दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटं हलक्या हाताने फिरवायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फिजिओथेरपीवाले हेच शिकवतात. जखम पूर्ण भरल्यावरच करा.

बधिर जागेवर गरम विटेचा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक नको. डाग तर अजिबात देऊ नका. पाऊल बधिर असेल तर चिखलात अनवाणी उतरू नका, काटा रुतलेला कळत नाही. संध्याकाळी पाय धुताना तळवा बघा. गुडघा लचकत असेल तर भरलेला हंडा आणि मोळी बंद. इथे घरातल्या पुरुषांनी हंडा उचलला तर काही बिघडत नाही, मी उचलतो.

या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी

लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद रोज कमी होतेय, एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, ताप येतोय, टाक्यातून पू येतोय, अंगावरून रक्त जातंय, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. छातीत दुखून दम लागला तर थेट १०८ ला फोन करा.

बाकीच्यांनी कर्जत उपजिल्हा रुग्णालयात, किंवा चौक, कशेळे यांपैकी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवावं. राज्य आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथून पुढे पाठवलं तर कर्जत-खोपोलीच्या लोकलने परळचं केईएम गाठता येतं, तिथे नसांचा वेगळा विभाग आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या. छेद कुठून घेतला आणि अंडाशय ठेवलं की काढलं, हे त्यावरून कळतं. अंडाशय काढलं असेल तर अंगातून वाफा येणं आणि हाडं दुखणं हे वेगळं प्रकरण असतं, त्याचं औषधही वेगळं. कार्ड हरवलं असेल तर ऑपरेशन केलं त्या दवाखान्यात नक्कल मागा.

डॉक्टरसमोर "पाय दुखतो" एवढंच सांगू नका. जायच्या आधी घरी पेनाने कातडीवर बधिर भागाची रेघ काढा आणि मोबाईलवर फोटो घ्या. वहिनीने तसा फोटो दाखवला तेव्हा डॉक्टरांनी कोणती नस ते दोन मिनिटांत सांगितलं.