मुक्त सदिश चिन्हे

मुक्त सदिश चिन्हे ही संकेतस्थळांवर शब्दांच्या जोडीला वापरली जाणारी, मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेली लहान चित्रे होत. सदिश चित्रात ठिपक्यांऐवजी रेषा व वक्र यांची गणिती वर्णने साठवलेली असतात. त्यामुळे ते कितीही मोठे केले तरी त्याच्या कडा रेखीव राहतात. एसव्हीजी हे त्याचे प्रचलित रूप डब्ल्यू३सी या संस्थेने २००१ मध्ये प्रमाणित केले.

रुपयाचे चिन्ह

डी. उदयकुमार यांनी आयआयटी मुंबईत असताना रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्या वेळी युनिकोडमध्ये त्याला संकेतांक नव्हता. मंगळूरच्या फोरेडियन कंपनीने लगोलग मोफत टंक काढून कळफलकावरील ` या खुणेच्या जागी रुपया बसवला. ही सोय फसवी होती. ज्या संगणकावर तो टंक नसे, तेथे किमतीपुढे मूळची तिरकी खूणच उमटे. ऑक्टोबर २०१० मधील युनिकोड ६.० ने रुपयाला स्वतंत्र संकेतांक दिला.

२०१२ मध्ये आलेल्या फॉन्ट ऑसमसारख्या चिन्हटंकांनी युनिकोडचा खासगी वापराचा विभाग निवडला. तरीही टंक न उतरल्यास रिकामी चौकट दिसतेच. म्हणून आता एसव्हीजी थेट पानात घालणे श्रेयस्कर मानले जाते.

परवाने

मोफत म्हणजे विनाअट नव्हे. फॉन्ट ऑसमच्या मोफत चिन्हांना सीसी बाय ४.० परवाना असून श्रेयनिर्देश आवश्यक असतो. बूटस्ट्रॅप आयकॉन्सला एमआयटी, तर गूगलच्या मटेरियल चिन्हांना अपाचे २.० परवाना आहे. कंपन्यांची बोधचिन्हे संचात असली, तरी त्यांवरील व्यापारचिन्हाचा हक्क कायम राहतो.

स्थानिक विषयांसाठी वापर

रेल्वे, वाहनतळ, गिर्यारोहण यांची चिन्हे सहज मिळतात. कर्जत-खालापूर परिसराची माहिती देताना मात्र अडचण येते. फॉन्ट ऑसममध्ये मंदिरासाठी ‘गोपुरम’ आहे. पण ते दाक्षिणात्य शैलीचे असल्याने खालापूर तालुक्यातील महडच्या वरदविनायकाला शोभत नाही. त्याच संचातील ‘विहार’ हे चिन्ह उतरत्या छपरांच्या बहुमजली इमारतीचे आहे, तर कर्जतजवळची कोंढाणे लेणी कातळात कोरलेली आहेत. वरील परवाने फेरफाराची मुभा देतात. इंकस्केप या मुक्त आज्ञावलीत असे चिन्ह बदलता किंवा नव्याने रेखाटता येते. तोवर ‘लेणी’ हा शब्दच अधिक अचूक ठरतो. चिन्हाशेजारी शब्द असल्यास पडदावाचकाने चिन्ह वगळावे अशी सूचना पानाच्या संहितेत देतात, अन्यथा दृष्टिहीन वाचकाला तोच मजकूर दोनदा ऐकावा लागू शकतो.