दोन रुळांमधले अंतर

महाविद्यालयाच्या एका प्रदर्शनासाठी आमच्या विद्यार्थ्यांनी मूर्तिजापूर स्थानकाची प्रतिकृती करायला घेतली होती. रूळ दोन वेगवेगळ्या खेळण्यांच्या संचांतून जमवलेले. एकाची उंची अधिक, दुसऱ्याची कमी. सांधा तिसऱ्याच संचातला. कमी उंचीच्या रुळाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून, कानस फिरवून त्यांनी दोन्हींची पातळी कशीबशी एक केली. पण डबा सांध्यावर आला की चाक उचलले जाई आणि गाडी आडवी होई. शेवटी एकाने विचारले, "सर, खऱ्या मूर्तिजापूरला हे कसे जोडले होते?" आम्ही क्षणभर थांबलो. उत्तर सोपे होते: ते तिथे कधी जोडलेच नव्हते.

रुळांची उंची वेगळी असणे ही खऱ्या रेल्वेत फार मोठी अडचण नव्हे. जड आणि हलका रूळ जोडायला खास घडणीच्या जोडपट्ट्या असतात. चाक ज्यावरून धावते तो माथा आणि आतली कड एका रेषेत आली की काम भागते. रुळांमधले अंतरच वेगळे असेल तर मात्र जोडपट्टीचा उपयोग नसतो. मग तिसरा रूळ टाकावा लागतो, सांध्यात पाती आणि छेद वाढवावे लागतात. एवढे करूनही एका अंतराचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. दोघे फक्त एकाच वाटेवरून जातात. म्हणून रुंद आणि अरुंद मार्ग जिथे भेटतात तिथे बहुधा सांधा नसतो, हमाल असतो.

ही दोन अंतरे आली कुठून? लॉर्ड डलहौसीच्या काळात हिंदुस्थानासाठी साडेपाच फुटांचे, म्हणजे १६७६ मिलिमीटरचे अंतर ठरले. त्या रुळांवरून मुंबईची गाडी १८६७ साली नागपूरला पोचली. पुढे खर्चाची चणचण भासू लागली तेव्हा लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत मीटरचे अंतर स्वीकारले गेले. त्याहूनही स्वस्त पर्याय एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वेवर १८९७ साली सिद्ध करून दाखवला. तो अडीच फुटांचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा होता. हलके रूळ, तीव्र वळणे, कमी भराव. लहान मुलखाला लहान रेल्वे, असा तो हिशेब होता.

वऱ्हाड मात्र लहान मुलूख नव्हता. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इथल्या काळ्या जमिनीचे मोल साऱ्या जगाला कळले. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ साली वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. याच सुमारास यवतमाळ आणि मुख्य मार्गावरचे मूर्तिजापूर यांच्यामध्ये सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग आला. पलीकडे अचलपूरपर्यंत आणखी सुमारे ७६ किलोमीटर. मालकी किलिक-निक्सन या मुंबईच्या इंग्रजी पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. गाड्या चालवी ती जीआयपी, आणि पुढे मध्य रेल्वे. लोक तिला शकुंतला म्हणू लागले.

यवतमाळ, दारव्हा, कारंजा इथल्या रुईच्या गाठी या गाडीने मूर्तिजापूरला येत. तिथे त्या उतरत, पाठीवरून पलीकडे जात आणि रुंद डब्यात चढत. यात वेळ आणि मजुरी गेली, काही मालही खराब झाला असेल. तो खर्च रूळ टाकणाऱ्याच्या वहीत कुठेच दिसत नाही. मार्ग बांधताना जे वाचले ते एकदाच वाचले. गाठ उतरवण्या-चढवण्याचा खर्च मात्र प्रत्येक हंगामात पुन्हा होत राहिला. तो शेवटी कोणाच्या भावातून वजा झाला असेल, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. स्वस्त रेल्वे कोणासाठी स्वस्त होती, हा प्रश्न आम्हाला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. ही कंपनी त्यातून बाहेर राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून तब्बल सात दशके या मार्गावर राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेलला जागा देऊन निवृत्त झाले. गार्डच तिकिटे देई, गाडी माणसांच्या चालीने चाले. आमच्या पिढीने तिच्यावर लोभ केला आणि तो खोटा नव्हता. लग्नाची वऱ्हाडे, बाजाराची माणसे, शिकायला निघालेली मुले यांना परवडणारी दुसरी गाडी नव्हती. पण जी गोष्ट आपण कौतुकाने सांगतो तीच आपल्या मागे राहण्याची खूणही होती, हे विसरून लिहिलेला इतिहास गोड असतो, पुरा नसतो.

आता रूळ दुसऱ्या दिशेने येत आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. शतकभर मूर्तिजापूरकडे तोंड करून बसलेला जिल्हा वर्ध्याकडे वळेल. हे व्हायलाच हवे होते. शकुंतलेचा मार्ग रुंद करावा की वारसा म्हणून राखावा, यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. वारसा राखायचा तर केवळ इंजिन आणि स्थानकाची पाटी राखून भागणार नाही, असे आम्हाला वाटते. मूर्तिजापूरच्या फलाटावर गाठी वाहणाऱ्या पाठींची नोंदही त्यात हवी.

विद्यार्थ्यांनी मग सांधा काढून टाकला. दोन्ही रूळ फलाटाच्या दोन बाजूंना संपवले आणि मधल्या जागेत मातीचे चार हमाल उभे केले. प्रतिकृती प्रथमच बरोबर झाली.