दिनविशेष, २६ मार्च : आचेवर ताबा मिळवणारा काउंट रम्फर्ड

बेंजामिन थॉम्पसन, अर्थात काउंट रम्फर्ड यांचा जन्म १७५३ साली आजच्या दिवशी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. कर्तबगारी गाजली ती बव्हेरियात. १७९० मध्ये त्यांनी म्युनिकच्या भिकाऱ्यांसाठी कामाचे आणि अन्नाचे घर उघडले. इतक्या माणसांचे रांधायचे तर जळण मोजूनच वापरायला हवे. उघड्या चुलीची बहुतेक धग धुराड्यातून वाया जाते, हे त्यांनी हेरले. मग विटांचा ओटा बांधून त्यात भांडी खोल बसवली. प्रत्येक भांड्याखाली स्वतंत्र बंदिस्त भट्टी, खाली हवेचे दार, धुराच्या वाटेवर झडप. दोन्ही कमीजास्त केले की एका पातेल्याला खळखळ उकळी, शेजारच्याला मंद आच! एकदा बटाटे वाळवायच्या यंत्रात रात्रभर राहिलेले मांस सकाळी उत्तम शिजलेले निघाले, तेव्हा कमी तापमानाची ताकदही त्यांना उमगली. पाठ्यपुस्तके त्यांचा घर्षणातून उष्णता निर्माण होते हे दाखवणारा १७९८ चा तोफा कोरण्याचा प्रयोग तेवढा सांगतात. आचाऱ्यांवरचे त्यांचे उपकारही तितकेच मोठे आहेत. आजच्या हॉटेलांतल्या शेगड्यांवर प्रत्येक बर्नरला वेगळी कळ असते, त्यामागची कल्पना हीच. रम्फर्ड यांचे निधन १८१४ मध्ये पॅरिसजवळ झाले.